विहिरीतलं विरजण

डॉक्टर सबनिसांनी दुधाच्या भांड्यात बोटाच्या पेरावर मावेल एवढं दही टाकलं आणि भांडं सगळ्यांपुढे धरलं.

"उद्या काय होईल याचं?"

"दही व्हईल, आनि काय," देवळाच्या पायरीवरून धोंडूबाई म्हणाली. एवढंच विचारायला हा माणूस देवरूखहून चालत आला की काय, असं तिच्या तोंडावर होतं.

"पटकीचंही तसंच. रोग्याचं धुणं विहिरीवर धुतलं, त्यातलं एवढंसं पाण्यात उतरलं, की सगळी विहीर विरजते. हे विरजण डोळ्यांना दिसत नाही, इतकंच."

गावात रोज तिरडी बांधली जात होती, तरी लोक विहिरीत लाल औषध टाकू देत नव्हते. हा देवीचा कोप, औषधानं ती आणखी खवळेल, असं गावचा प्रमुख, गावकर गंगाराम याचं म्हणणं. डॉक्टरांनी आधी पुस्तकी भाषेत सांगून पाहिलं होतं. ते सगळं डोक्यावरून गेलं. आज मात्र माना डोलू लागल्या. डॉक्टर खूश झाले, आणि खुशीत माणूस एक वाक्य जास्त बोलतो.

"यात देवीचा काही संबंध नाही. कोणीतरी बाहेरून आजार घेऊन आलं असेल, त्याचं धुणं इथे धुतलं गेलं असेल."

 सगळ्यांच्या माना वळल्या. टोकाला जनी पोरीला मांडीवर घेऊन बसली होती. तिचा नवरा मुंबईहून आजारी होऊन आला आणि गावात पहिला तोच गेला. त्याची गोधडी तिनं याच विहिरीवर धुतली होती. बायकांनीच तेव्हा तिला पाणी ओढून दिलं होतं.

औषध पडलं, आणि धुणं यापुढे विहिरीवर नको, खालच्या ओढ्यावर, पऱ्यावर धुवा, असंही डॉक्टरांनी सांगितलं. पाणी निवळल्यावर डॉक्टर पुन्हा आले, तर जनी रिकामी कळशी घेऊन लांब उभी. रहाटाजवळ तिला कोणी येऊ देत नव्हतं.

"पोरीला पऱ्याचा पानी पाजतंय," ती म्हणाली. "तुमी सांगितल्यापासनं सगला गाव धुना तितंच धुता. डॉक्टर, तुमचा सगला पटला त्यांना. आता येक खोटा सांगा. देवीच कोपली व्हती म्हना."

 डॉक्टर तडक गंगारामकडे गेले. माझं चुकलं, म्हणाले. देवीच कोपली असेल, या बाईचा काही दोष नाही, तिला पाणी भरू द्या.

गंगारामनं त्यांना बसायला घोंगडी अंथरली.

"ऱ्हाव दे, डॉक्टर," तो अगदी मायेनं म्हणाला. "येवढा बरा समजावलात तुमी. आमी अडानी मानसं, पन आता समजला आमाला."