वरचं दूध

पहिलटकरणींना स्तनपान शिकवायला इस्पितळानं जी खोली दिली होती, तिच्या एका भिंतीपलीकडे मळक्या चादरींची कोठी होती आणि दुसरीपलीकडे पुरुषांची मुतारी. खोली कुणी दिली, हे काही लिहून ठेवलेलं नव्हतं, पण देणाऱ्याला या विषयाबद्दल काय वाटत होतं ते खोलीत पाऊल टाकताच कळायचं. दर मंगळवारी अकराला दूधवाली सिस्टर आधी दोन्ही खिडक्या उघडायची, फिनेलचा बोळा फिरवायची आणि मगच बायकांना आत घ्यायची. तरी वास यायचाच. 'दूधवाली' हे नाव वॉर्डातल्या सिस्टरांनी पाडलेलं. ते ऐकलं की तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा, पण अकरा महिन्यांत ते असं चिकटलं होतं की आता शिपाईसुद्धा तिला त्याच नावानं हाक मारायचा.

वर्गात फक्त पहिल्या खेपेच्या आणि सिझरची तारीख मिळालेल्या बायका असायच्या. तिचा हट्टच होता तसा. बाकीच्यांना कुणी ना कुणी काही ना काही सांगतं, पण सिझर म्हटलं की सगळे दिवस आणि वेळ ठरवून मोकळे होतात. पोट फाडलेल्या बाईनं बाळ छातीशी धरायचं कसं, हे सांगायला कुणाला सवड नसते. म्हणून तिनं हा वर्ग भांडून मागून घेतला होता. सामान तिचंच. एक रबरी बाहुला, आणि जुन्या पायमोज्यात कापूस भरून शिवलेला एक स्तन. हा मोजा टेबलावर ठेवला की सोबत आलेले नवरे एकमेकांकडे बघून फिदीफिदी हसायचे. एकानं तर तो उडवून झेलला होता. तिला त्या माणसाची इतकी शिसारी आली होती की नंतर घरी जाऊन तिनं तो मोजा साबणानं दोनदा धुतला.

"हसून झालं?" ती विचारायची. "आता ऐका. कमरेत इंजेक्शन देतात, तुम्ही जाग्याच असता. आई आणि बाळ ठीक असले की पहिल्या तासातच बाळाला छातीशी घ्यायचं. टाक्यांवर भार नको, म्हणून कुशीवर झोपून पाजायचं, नाहीतर बाळ असं काखेखालून धरायचं. पहिल्यांदा येतो तो चीक. पिवळा, चिकट, चमचाभर. तेवढा पुरतो. कुणी म्हणालं 'सिझरवालीला दूध येत नाही', तर त्याला माझ्याकडे पाठवा."

शेवटी ती फॉर्म वाटायची. तो तिनंच लिहून दिला होता, कारकुनानं टाईप केला होता, आणि सहीला ती तो नवऱ्यांकडे द्यायची, कारण ऑपरेशनच्या वेळी बायको टेबलावर असणार. हा फॉर्म फाईलला लागला की ऑपरेशननंतर बाळ कुठं आणि कसं पाजायचं ते वॉर्डाला कळणार. नवरे न वाचता सही ठोकायचे. गठ्ठा गोळा करताना तिला दर मंगळवारी बरं वाटायचं. आठवड्यातली तेवढी पाच मिनिटं तिला कशाचीच किळस यायची नाही.

त्या मंगळवारी पहिल्या रांगेत एक बाई होती जी सगळं लिहून घेत होती. वहीवाली. छापखान्यात मुद्रितं तपासायचं काम करायची. बाळ पायाळू होतं, फिरायला तयार नव्हतं, म्हणून गुरुवारची तारीख दिलेली. एका बाजूला नवरा, दुसऱ्या बाजूला सासूबाई.

"आमच्या मोठ्या सुनेचं पण सिझरच झालं," सासूबाई म्हणाल्या. "एक थेंब आला नाही तिला. पोट चिरलं की दुधाची वाट बंद होते."

"कुणी बघितली ती वाट, आई?" वहीवाली म्हणाली.

"बघायला कशाला पाहिजे? पोर डब्यावर वाढलं, ते दिसतं की."

वहीवालीनं पान उलटलं. वर्ग सुटल्यावर ती मागं थांबली आणि हळूच म्हणाली, "सिस्टर, मोठ्या जाऊबाई अजून रडतात. मुलगा सहा वर्षांचा झाला तरी. घरात कुणी म्हटलं की 'हिला काय, हिचं आटलेलंच होतं,' तर उठून आत जातात. मला तसं व्हायचं नाहीये. मला फक्त पहिला तास मिळवून द्या, पुढचं मी बघते."

"मिळेल," दूधवाली म्हणाली. "फॉर्म आहे ना."

तरी बुधवारी ती वॉर्डाच्या इन्चार्ज सिस्टरकडे गेली. इन्चार्ज बाई जेवणाचा डबा उघडून बसल्या होत्या, बोटं चाटत होत्या, आणि चाटता चाटताच बोलत होत्या.

"मॅडम, उद्याच्या एका केसला मी रिकव्हरीत थांबू का? तासभर फक्त."

"तुझं काम शिकवायचं, आमचं काम करायचं. अकरा महिन्यांत कधी वॉर्डात पाय ठेवलास का? मग आताच कुठून उमाळा आला? उद्या लशींचा साठा मोजायचाय. तिकडे जा."

तोवर वॉर्डात तिनं पाय ठेवला नव्हता हे खरं होतं. इन्चार्जबाईंचा तिला इतका वीट आला होता की त्या असतील त्या मजल्यावर ती जायचीच नाही. शिकवायचं, सह्या घ्यायच्या, फॉर्म वर पाठवायचे. पुढे कुणाचं जमलं नाही असं कानावर आलं, की ती मनात म्हणायची, आजकालच्या पोरींना चिकाटीच नाही.

गुरुवारी एक वाजता लशींची खोकी तशीच टाकून ती वर गेली. वहीवाली पडद्याआड उताणी पडली होती, चेहरा पांढराफटक, हाताला सलाईन. बाळ शेजारच्या पाळण्यात गाढ झोपलेलं. त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात पांढरा ओघळ वाळला होता, दुपट्यावर डाग होता आणि उशाशी बाटली होती. तळाशी दोन बोटं पावडरीचं दूध उरलेलं. त्याचा तो कोमट, गोडसर वास तिच्या नाकात गेला.

"मी तीनदा सांगितलं," वहीवाली म्हणाली. ओरडायचं त्राण नव्हतं तिला. "मी जागी होते सिस्टर. बाळ ठीक होतं, मी ठीक होते. मी म्हटलं माझ्याजवळ द्या, ही म्हणाली फॉर्म आहे."

"कोण ही?"

पलीकडच्या टेबलावरची तरुण सिस्टर उभी राहिली. बिचारी घाबरली होती. "मी काय करू? फाईलला संमती लागलीय. नवऱ्याची सही आहे. संमती असली की आम्ही बाटली देतो, सगळ्या सिझरांना देतो. तुमच्याच वर्गातून येतात ना हे फॉर्म?"

दूधवालीनं फाईल ओढून घेतली. तिचाच फॉर्म. झेरॉक्सची झेरॉक्स, तिचीही झेरॉक्स, अक्षरं धुरकटलेली आणि पान एका अंगाला कललेलं. तिनं एकदा वाचलं, दोनदा वाचलं. तिला चूक दिसेना, कारण काय लिहिलंय ते तिला पाठच होतं.

"आणा इकडे," वहीवाली म्हणाली. एका हातानं कागद तोंडासमोर धरून तिनं तो मोठ्यानं वाचला. "'शस्त्रक्रियेनंतर पहिल्या तासात बाळाला... वरचे दूध देण्यास आमची संमती आहे.'"

दूधवालीनं वाकून ती ओळ पुन्हा बघितली.

"पहिल्या ओळीच्या शेवटी काहीतरी होतं," वहीवाली म्हणाली. "बाकीच्या ओळी आखूड आहेत, हीच काठापर्यंत गेलीय. शब्द मोडून खाली घेतलाय. झेरॉक्स काढताना कड कापली गेली. काय होतं तिथं?"

"अंगा," दूधवाली म्हणाली. "अंगावरचे दूध."

दोन अक्षरं. अंगावरचं दूध म्हणजे आईचं, आणि वरचं दूध म्हणजे बाहेरचं, डब्यातलं. एवढी साधी गोष्ट या इस्पितळात झाडू मारणाऱ्या बाईलाही ठाऊक होती. दूधवालीनं फडताळ उघडलं आणि मागच्या महिन्यांच्या फाईली बाहेर काढल्या. वरचे दूध. वरचे दूध. वरचे दूध. नवऱ्यांच्या सह्या, आणि प्रत्येक सहीखाली तिची स्वतःची, 'समजावून सांगितले' म्हणून.

एवढ्यात इन्चार्जबाई आल्या. त्यांना सगळं सांगावं लागलं नाही, उघड्या फाईली बघून त्या हसल्या.

"अय्या, आज लक्षात आलं होय? मला तर पहिल्याच महिन्यात दिसलं होतं."

"दिसलं होतं?"

"म्हटलं, दूधवालीला अक्कल आली. वर्गात अंगावरचं शिकवते आणि कागदावर वरचं घेते. दोन्हीकडून बरं. खरं सांगू? बाटली दिली की बाळ झोपतं, नातेवाईक खूश, वॉर्ड शांत. तुझ्या त्या कुशीवर झोपवून पाजण्याला दर बाईमागं एक सिस्टर अडकते. कुठून आणू?" त्यांनी फाईली गोळा करायला हात पुढे केला. "नवीन छाप फॉर्म, झालं. एवढं तोंड कशाला करतेस?"

दूधवालीला त्या हाताकडे बघवेना. गुबगुबीत, स्वच्छ, नुकताच धुतलेला हात. तिला वाटलं आपण इथंच ओकणार. पण खरी ओकारी त्या हाताची नव्हती, हे तिला त्याच क्षणी कळलं आणि ते जास्त वाईट होतं. इन्चार्जबाई आळशी होत्या, निर्लज्ज होत्या, पण लबाडी लपवत नव्हत्या. अकरा महिने नाक वर करून फिरली होती ती स्वतः. जिन्याच्या वीस पायऱ्या चढून एकदा तिनं बघितलं असतं तरी पुरलं असतं.

"फाईली इथंच राहतील," ती म्हणाली. "आणि मी पण."

मग तिनं हात धुतले आणि पडदा ओढला. वहीवालीला कुशीवर वळवलं, पाठीला उशी, टाक्यांपुढे घडी केलेला टॉवेल. बाळ काही उठेना. पोट भरलेलं पोर ते, त्याला कशाची पडलीय. तळवे चोळले, दुपटं काढून उघडं आईच्या छातीला लावलं, तरी ढिम्म. शेवटी तिनं वहीवालीला हातानं चीक काढायला शिकवलं. दहा मिनिटं काहीच नाही. दाराशी उभ्या सासूबाई म्हणाल्याच, "सांगत होते मी."

"आई, बाहेर थांबा," नवरा म्हणाला. सही केल्यापासून तोंड उघडायची त्याची ही पहिली वेळ.

मग एक थेंब आला. पिवळा, घट्ट. मग दुसरा. चमच्याच्या टोकाला लागेल इतकाच. तो बाळाच्या ओठावर लावला तेव्हा त्यानं झोपेतच जीभ बाहेर काढली. चार वाजता ते जागं झालं, तोंड उघडून शोधू लागलं, दोनदा निसटलं, आणि तिसऱ्यांदा त्यानं पकड घेतली. वहीवाली रडत होती आणि हसली की टाके ओढले जात होते, म्हणून हसायचं टाळत होती.

थोड्या वेळानं डोळे न उघडता तिनं विचारलं, "माझ्याआधी किती जणी?"

"मोजल्या नाहीत."

"मोजा," वहीवाली म्हणाली. आवाजात राग नव्हता, छापखान्यात चुकलेलं पान परत पाठवताना असेल तसा होता. "आणि सांगा त्यांना. नाहीतर त्या जन्मभर स्वतःलाच धरून बसतील."

एकशे चाळीस निघाल्या. नोंदवहीत सगळ्यांचे फोन नंबर होते. संध्याकाळी पाच वाजता, मुतारीशेजारच्या त्या खोलीत खिडक्या न उघडताच बसून तिनं पहिला नंबर लावला. आठ महिन्यांपूर्वीची बाई. चेहरा आठवत नव्हता. काय बोलायचं ते तिनं कागदावर लिहून घेतलं होतं.

"हॅलो, मी इस्पितळातून, दूधवाली सिस्टर बोलतेय," ती म्हणाली. हे नाव तिनं पहिल्यांदाच स्वतःच्या तोंडानं घेतलं.

पलीकडे मागं कुठंतरी बाळ हुंकारत होतं.

"सिस्टर, माफ करा हं मला," ती बाई घाईघाईनं म्हणाली. "मला माहितीये तुम्हाला कळलं असणार. तुम्ही किती नीट शिकवलं होतं, सगळं पाठ होतं माझं. पण बाळानं घेतलंच नाही. तुमची काही चूक नाही सिस्टर. माझ्या अंगातच नव्हतं."