मागचा दिवा

जमिनी मोजायच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर सासरेबुवा चंद्राच्या मागे लागले. गच्चीवर दुर्बीण, दुर्बिणीला कॅमेरा आणि लॅपटॉपमध्ये एकाच चंद्राच्या फोटोंचा ढीग. ते फोटो एकावर एक बसवून त्यातून एक लख्ख चित्र काढणारा फुकटचा प्रोग्राम त्यांना सापडला होता. पण तो फक्त लिनक्स नावाच्या वेगळ्या सिस्टिमवर चालायचा.

सूनबाई चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. रविवारी दुकान बंद, त्यामुळे जेवणं उरकल्यावर सासरे-सून टेबलाशी बसले. जुनी सिस्टिम होती तशी ठेवायची, शेजारी लिनक्स बसवायचं आणि लॅपटॉप सुरू करताना हवं ते निवडायचं, असा बेत होता. सगळं बिनबोभाट पार पडलं. मग सुनेनं नवी सिस्टिम निवडली, क्षणभर चिन्ह झळकलं आणि स्क्रीन काळीठिक्कर पडली.

"गेला?" सासरेबुवांनी विचारलं.

तेवढ्यात लॅपटॉपमधून गोड सूर वाजला.

"गातोय की, बाबा! जिवंत आहे."

तिनं तो बंद करून जुन्या सिस्टिममध्ये सुरू केला. स्क्रीन झकास. पुन्हा नवी निवडली. पुन्हा अंधार, पुन्हा गाणं. उजेड वाढवायचं बटण दाबून बोट दुखलं, पण ते बटण ढिम्म.

"नव्या सुनेला रुळायला वेळ लागतोच," सोफ्यावरून सासूबाई म्हणाल्या.

"मला कुठे लागला, आई?"

"तुला नाही लागला. आम्हाला लागला."

सासरेबुवा खो खो हसले, पण पुढच्याच क्षणी त्यांचा चेहरा पुन्हा उतरला. सासूबाईंना ते बघवेना. "अगं, एवढी डोळ्यांची जाणकार तू, मार की त्याच्या डोळ्यांत बॅटरी!"

सुनेनं खरंच पर्समधून पेनाएवढी बॅटरी काढली. दुकानातला गंभीर आवाज लावला. "घाबरू नका हं. समोर बघा. पापणी मिटू नका." आणि काळ्या स्क्रीनवर तिरपा उजेड टाकला.

तिची थट्टा तिथेच थांबली. उजेडाच्या गोलात पुसट अक्षरं होती. 'स्वागत आहे.' खाली एक बटणही.

"बाबा, इकडे या! चित्र आहे! सगळं जागच्या जागी आहे. फक्त स्क्रीनच्या मागचा दिवा लागलेला नाही. नव्या सिस्टिमला तो लावताच येत नाहीये!"

सासरेबुवांनी बॅटरी हातात घेतली आणि दोघं माउसच्या बाणाचा शोध घेऊ लागले.

"डावीकडे... अजून... दिसला! अगं, पळाला!"

"झुरळ मारताय का?" सासूबाईंनी विचारलं.

असं काम होणार नव्हतं. सासरेबुवांची नजर टीव्हीवर गेली. "लॅपटॉप याला जोडला तर? टीव्हीला स्वतःचा दिवा आहे."

"माझी मालिका चालू आहे!"

"नायिका रडतेय ना? तासाभरानं ये, तिथेच भेटेल."

सासूबाईंनी रिमोट नवऱ्याच्या हातावर आपटला, पण हसत. वायर जोडली, सुनेनं बाहेरची स्क्रीन निवडायची बटणं दाबली आणि भिंतीवरच्या टीव्हीत नवी सिस्टिम अवतरली. सुनेनं फोनवर शोधलं. अगदी याच मॉडेलच्या लॅपटॉपवर हेच रडगाणं कुणीतरी गाऊन ठेवलं होतं आणि खाली उपायही होता: सिस्टिम सुरू होताना ज्या सूचना वाचते, त्यात एक छोटा शब्द वाढवायचा. ती टाइप करत होती आणि सासरेबुवा टीव्हीजवळ उभे राहून एकेक अक्षर मोठ्यानं ताडून बघत होते.

लॅपटॉप पुन्हा सुरू केला. चिन्ह. अंधार. आणि मग स्क्रीन अशी उजळली, की सासरेबुवांनी टाळी वाजवून सुनेच्या पाठीवर थाप मारली. "वा, पठ्ठे!"

"पण बाबा, अक्षरं मोहरीएवढी आहेत."

"मला तर मोहरीही दिसत नाहीये."

ती सेटिंगमध्ये शिरली आणि अक्षरांचा आकार वाढवत गेली. "आता स्पष्ट, की मघाशी स्पष्ट? आता? की आता?"

"आता! बस, हात लावू नकोस."

मग तिनं तो प्रोग्राम टाकून चालवला. फोटो एकावर एक बसायला थोडा वेळ लागला. तयार झालेलं चित्र सुनेनं टीव्हीवर मोठं केलं. अर्धा चंद्र, आणि उजेड संपतो तिथे काळ्या सावल्या टाकणारी टोकं.

सासूबाई उठून थेट टीव्हीपाशी गेल्या. "ही टोकं कसली हो?"

"डोंगर आहेत. तिथे आत्ता सकाळ होतेय."

"आणि इतके दिवस तुम्ही एकटेच हे बघत होतात?"

"तुलाच वर यायचा कंटाळा."

"आज येते. तुमची ती दुर्बीण माझ्या उंचीला लावून ठेवा."

सूनबाई चहा टाकायला उठली. आधण ठेवता ठेवता तिला बाहेरचा आवाज ऐकू येत होता. सासूबाईंना एक नवा डोंगर दिसला होता, सासरेबुवा म्हणत होते तो खड्डा आहे, आणि दोघांपैकी कुणीच माघार घ्यायला तयार नव्हतं.