मुकी गाडी

डर्मट केसलनं बॉनेटवर तळहात टेकवला आणि डोळे मिटले. हाताला काहीच लागेना. थरथर नाही, गुरगुर नाही, नुसता तापलेला पत्रा. खाली वाकून त्यानं चाकाजवळ कान नेला. कोर्टाच्या आवारातल्या आंब्यावर पोपट भांडत होते, कुंपणापलीकडे कोणीतरी यंत्रानं गवत कापत होतं. गाडी मात्र मुकी.

मागच्या जाळीआड टिल्डा पुढच्या पायांवर हनुवटी ठेवून पडली होती. चार वर्षांची, काळ्या तोंडाची पोलीस कुत्री. तिनं एक डोळा किलकिला करून त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा मिटला.

“केसल, वर चल. तुझं नाव पुकारलंय.”

सार्जंट लेओटा जिन्याच्या तोंडाशी उभी होती. सामोआ बेटांवरची, अंगानं धिप्पाड, आवाजानं मऊ. रागावली तरी चर्चमध्ये गातेय असंच वाटायचं.

“इंजिन बंद पडलंय, सार्ज.”

“बंद नाही पडलं, झोपलंय. एसी बॅटरीवर चालू आहे. गरज पडली की उठेल आपलं आपण. तुझ्या घरचा फ्रीज बोलत नाही म्हणून दूध नासतं का रे?”

“फ्रीजमध्ये माझं कोणी बसलेलं नसतं.”

लेओटानं पुढची थट्टा गिळली. “किल्ल्या इकडे दे,” ती म्हणाली. “नाहीतर साक्षीच्या पिंजऱ्यात उभा राहून खिशात वाजवत बसशील.”

किल्ली काढली तरी आतला गारवा चालू राहावा, अशी त्या गाडीत सोय होती. निदान कागदावर तरी होती. त्यानं किल्ल्या दिल्या.

पोर्ट कॅरिकच्या शहर पोलिसांनी जुन्या पेट्रोलगाड्या मोडीत काढून पेट्रोल-बॅटरीवरच्या हायब्रिड घ्याव्यात की नाही, यावर सहा महिने खल चालला होता. गस्तवाल्यांनी मान डोलावली होती. अडलं होतं ते कुत्र्यांच्या गाड्यांपाशी. त्या तासन्‌तास उन्हात उभ्या असतात, आत जीव असतो, आणि त्या जिवाचा श्वास एसीवर असतो. म्हणून सहा आठवडे एक गाडी डर्मटला वापरायला दिली होती आणि आज संध्याकाळपर्यंत त्याचा अहवाल जायचा होता. तो काय लिहिणार हे सगळ्यांना ठाऊक होतं, कारण त्याच्या आधीच्या कुत्र्याचं, ऑटोचं, सगळ्यांना ठाऊक होतं.

पाच वर्षांपूर्वीचा असाच ऐन उन्हाळ्यातला नोव्हेंबर. मासळीधक्क्यावर डर्मट एकाची जबानी घ्यायला आत गेला, बाहेर चालू ठेवलेली गाडी मध्येच बंद पडली, आणि वीस मिनिटांत ऑटो आतल्या उकाड्यानं गेला. तेव्हापासून डर्मटचा एक कान कायमचा गाडीत राहिला. जेवताना कान गाडीत, बोलताना कान गाडीत. बहिणीच्या लग्नात वरमाईशेजारी बसला तरी कान गाडीत. ऐकू येतंय तोवर जीव आहे, एवढंच त्यानं मनाशी धरून ठेवलं होतं.

आणि ही गाडी ऐकूच येत नव्हती.

कोर्ट पहिल्या मजल्यावर होतं. काचपट्ट्यांच्या खिडकीतून आवाराचा आवाज वर येई. डर्मट साक्षीच्या पिंजऱ्यात उभा राहिला, शपथ घेतली. खटला होडीचं इंजिन चोरल्याचा. आरोपी लाइल ब्रँडिस, खेकडे धरणारा, उसन्या शर्टात अवघडून बसला होता.

त्याचे वकील चष्मा पुसत उठले. “कॉन्स्टेबल, अंधार होता. चोर पळाला ती होडी तुम्हाला दिसली नाही. बरोबर?”

“नाही दिसली.”

“माणूसही दिसला नाही. मग ब्रँडिसच होता हे कशावरून?”

“आवाजावरून. त्याच्या होडीचं इंजिन मला माहीत आहे. थोडं खोकतं.”

मागच्या बाकावर कोणीतरी हसलं.

“धक्क्यावर खोकणारी इंजिनं किती असतील?”

डर्मटनं तोंड उघडलं. त्याच वेळी खिडकीबाहेर काहीतरी थांबलं.

गवत कापायचं यंत्र थांबलं होतं. एकाएकी नुसता पोपटांचा कालवा उरला. इतका वेळ, शपथ घेतल्यापासून, तो त्या घरघरीच्या भरवशावर उभा होता. कानाला इंजिन लागत होतं म्हणून जीव स्वस्थ होता. ते इंजिन गाडीचं नव्हतंच.

“कॉन्स्टेबल? उत्तर द्या.”

“माझी कुत्री,” तो म्हणाला, आणि पिंजऱ्यातून उतरला.

मागून न्यायाधीशांचा आवाज आला. लेओटा उठतेय हे दिसलं, पण किल्ल्यांसाठी तिच्यापर्यंत जायला दोन बाकं ओलांडावी लागली असती. तो दाराकडे पळाला. जिना, व्हरांडा, मग भट्टीचं तोंड उघडावं तसं ऊन. गाडी होती तिथेच, तशीच मुकी. मागची काच मात्र पांढरी पडली होती. वाफेनं गच्च. आतलं काही दिसत नव्हतं.

अशी पांढरी काच त्यानं एकदा पाहिली होती.

“टिल्डा.”

त्यानं दार ओढलं. कुलूप. फुलझाडांच्या वाफ्याकडेची वीट हाती आली, ती त्यानं काचेच्या कोपऱ्यावर घातली. दुसऱ्या घावाला काच भुगा होऊन खाली आली.

आतून हवा आली, ती त्याच्या मनगटावर. गार. फ्रीजचं दार उघडल्यासारखी गार.

जाळीआड टिल्डा उठून बसली होती. तिनं त्याच्याकडे, मग विटेकडे पाहिलं आणि लांबलचक जांभई दिली. आत तापमानाचा आकडा दिसत होता, बावीस. डर्मटनं दारावर उरलेल्या काचेच्या तुकड्यावरून बोट फिरवलं. वाफ बाहेरून धरली होती. बाहेरचा दमट उकाडा गार काचेवर बसला होता, एवढंच.

तेवढ्यात ऊन आत शिरलं म्हणून की काय, गाडीचं इंजिन आपलं आपण चालू झालं आणि शांतपणे घरघरू लागलं.

लेओटा धापा टाकत आली, हातात किल्ल्या. तिनं काच पाहिली, कुत्री पाहिली, डर्मटच्या बोटांमधून ओघळणारं रक्त पाहिलं. टिल्डाला उतरवून सावलीत घेतलं, गळ्यापासून शेपटीपर्यंत चाचपलं. मग पुढच्या सीटवरचा अहवालाचा कागद आणि पेन काढून डर्मटच्या मांडीवर ठेवलं. तो पायरीवर बसला होता, बोटांना रुमाल गुंडाळून.

“लिही,” ती म्हणाली. “गाडी चालू आहे की बंद हे कळत नाही, म्हणून काच फोडावी लागली. बस एवढं. तुला कोण खोटं पाडणार?”

त्यानं पेन पायरीवर ठेवलं.

“त्या दिवशी मला आवाज येत होता, सार्ज.”

“कोणत्या दिवशी?”

“ऑटोच्या. पूर्ण वीस मिनिटं. कानाला इंजिन लागत होतं म्हणून मी निवांत होतो. त्या माणसानं चहा दिला, तोही प्यायलो. बाहेर आलो तर आपली गाडी बंद. बर्फाच्या कारखान्याचा जनरेटर चालू होता.”

लेओटा टिल्डाच्या केसांतून काचेचा कण वेचत होती. तिचा हात थांबला.

“चौकशीत हे सांगितलं नाहीस.”

“कोणी विचारलं नाही.”

वर आंब्यात पोपटांचा कालवा चालूच होता. डर्मटनं पेन उचललं. ‘गाडीत आढळलेले दोष’ यापुढे त्यानं लिहिलं, ‘काही नाही’. ‘मोडतोड’ यापुढे लिहिलं, ‘मागची काच. माझ्या हातून.’ सही करताना कागदाला रक्ताचा ठिपका लागला. तो त्यानं पुसला नाही.

लेओटानं वाचलं, घडी घातली आणि खिशात ठेवली.

“कुत्रेवाले चिडतील तुझ्यावर. सगळे तुझ्याच नावावर अडून बसले होते.”

“चिडू देत.”

“वर जा. न्यायाधीश खोळंबलेत. हिला मी बघते.”

जिना चढताना त्यानं मागे वळून पाहिलं नाही. पिंजऱ्यात उभा राहिला तेव्हा सरकारी वकिलांनी त्याला नजरेनं धीर दिला. त्यांच्याकडे त्याच्या साक्षीवाचून दुसरं काही नव्हतं. आरोपीच्या वकिलांनी पुन्हा चष्मा पुसला.

“तर, कॉन्स्टेबल. तुम्ही ऐकलेलं इंजिन ब्रँडिसच्याच होडीचं होतं, हे तुम्ही शपथेवर सांगता?”

डर्मटनं रुमाल बांधलेला हात कठड्यावर ठेवला.

“इंजिन चालू होतं, एवढं ऐकलं,” तो म्हणाला. “कोणाचं, ते कानाला कळत नाही.”