ऐंशीला वीस

हिरामणने बाटली जोरजोरात हलवली आणि गोदामाच्या ओट्यावर टेकवली. बघता बघता पिवळसर तेल तळाशी बसलं आणि वर पाण्यासारखं नितळ मिथेनॉल उरलं.

“कितीही घुसळा, मिसळायचं नाही ते,” सुनीती त्याच्या डाव्या कानाशी मोठ्याने म्हणाली. उजवा कान लूमच्या खडखडाटात कधीच गेला होता.

“बावीस वर्षं लूम चालवतंय मी या तेलावर, बाय!”

“लूमला पेट घ्यायचा नसतो, काका.”

 कामतघरच्या यंत्रमागांवर हिरामणसारखा जॉबर नव्हता. बंद पडलेला लूम त्याचा हात लागला की चालायचाच. त्याच जोरावर त्याने गोदामाच्या मालकांना, केसरीनाथशेटना, शब्द दिला होता. शेटच्या भावाने मस्कतहून रिमोटवर पळणारी, मुठीएवढ्या इंजिनाची खेळण्यातली गाडी आणली होती. तिचं इंधन, म्हणजे तेल मिसळलेलं मिथेनॉल, मात्र विमानात चढू दिलं नव्हतं. ‘दोन दिवसांत पळवतो,’ असं हिरामण चारचौघांत बोलून गेला. आज आठवा दिवस होता. स्कूटरसारखं पेट्रोल घालून झालं, आता हेही झालं. राहनाळच्या या नव्या गोदामाचा जनरेटर सांभाळायचं काम त्याला हवं होतं, आणि शेटनी त्यासाठी आज मुंबईचा मेकॅनिक बोलावला होता.

“काय रे जॉबर,” शटरपाशी उभा असलेला लडकू वॉचमन ओरडला, “आरती ओवाळू का गाडीला?”

सुनीतीने पिशवीतून दुसरी बाटली काढली. ती शेजारच्या मास्तरांची मुलगी, यंदाच रसायनशास्त्रात बी.एस्सी. झालेली. मिथेनॉलची सीलबंद बाटली तिनेच आणून दिली होती. हवेतला ओलावा पितं म्हणून बूच लगेच लावायला बजावलंही होतं.

“एरंडेल,” ती म्हणाली.

“पोट साफ करायचं?”

“तेच. मिथेनॉलमध्ये विरघळतं, आणि इंजिन तापलं तरी जळून जात नाही. ऐंशीला वीस.”

“आणि गाडीच्या पुस्तकातलं ते तिसरं? नायट्रो?”

“मिळत नाही. त्याच्यावाचून जोर कमी पडेल, पण चालेल.” तिने बूच उघडलं. “चालायला हवं.”

तिने नळकांड्यात मोजून दोन्ही रिकाम्या बाटलीत ओतलं. या वेळी बाटलीत थर दिसला नाही. हिरामणने टाकी भरली, प्लगला बॅटरी जोडली, गाडी उचलून धरली आणि दोरी ओढली. तिसऱ्या ओढीला इंजिन कडाडलं. निळसर धूर सुटला, लडकू दोन पावलं मागे सरला, आणि इंजिन गुदमरून बंद पडलं.

“इंधनाचा स्क्रू पुस्तकाप्रमाणेच आहे,” सुनीतीचा चेहरा उतरला. “अडीच फेरे उघडा.”

हिरामणने पुन्हा दोरी ओढली. या वेळी डोळे मिटून दोन बोटं गाडीच्या पत्र्यावर ठेवली. कान गेल्यापासून तो लूम असाच ऐकत आला होता. इंजिन अडखळत होतं. थरथर जड होती.

“जास्त पितंय,” तो पुटपुटला. “ठसका लागतोय त्याला.”

त्याने स्क्रू जरासा आवळला. मग आणखी किंचित.

“बरोबर!” सुनीती ओरडली. “अडीच फेरे नायट्रोवाल्या इंधनाचे! आपल्यात ते नाहीच!”

थरथर बारीक झाली, बोटांखाली एकसारखी धावू लागली. हिरामणने गाडी खाली ठेवली. सुनीतीने रिमोटचं बटण दाबलं, आणि गाडी कोऱ्या सिमेंटवरून सणसणत गेली, भिंतीपाशी वळली, परत आली. लडकू शिट्ट्या वाजवत तिच्या मागे धावत सुटला. हमाल पोती टाकून दारात जमले.

केसरीनाथशेट शर्टाची बटणं लावत ऑफिसातून धावत आले. एरंडेलाच्या वासात उभे राहून त्यांनी गाडीच्या चार फेऱ्या पाहिल्या.

“हिरामण, जनरेटर तुझा,” ते म्हणाले. “मुंबईवाल्याला चहा पाजून पाठवतो.”

टाळ्या पडल्या. हिरामणने काळी बोटं पायजम्याला पुसली.

“शेट, जनरेटरचं पुस्तक हाय का?”

“आहे. इंग्रजीत. तुला कधीपासून पुस्तक लागायला लागलं?”

हिरामणने मान वळवून सुनीतीकडे पाहिलं.

“रविवारी येशील, बाय? वाचून दाखव,” तो म्हणाला. “पन मोठ्यानं हां.”