कुरकुरवाल्या चिकनची कढई

मित्रांनो, माझा तळ पाहिलात तर तुम्हाला वाटेल, ही कुठल्या तरी मोठ्या आगीतून वाचली असावी. तसं काही नाही. आग हेच माझं रोजचं घर होतं. मी एक जुनी लोखंडी कढई आहे. रंगाने काळी, अंगाने जाड, आणि वजनाने अशी की नवखा माणूस मला उचलायला वाकला की आधी दचकतो. आजच्या हलक्या, चकचकीत भांड्यांपुढे मी ओबडधोबड दिसते हे मला ठाऊक आहे. पण बल्लारपूरच्या स्टेशनजवळ ज्यांचं बालपण गेलं, त्यांना माझ्याबद्दल विचारा. त्यांच्या तोंडाला आधी पाणी सुटेल, मग ते बोलतील.

माझा जन्म मूल नावाच्या गावातल्या एका लोहाराच्या भट्टीवर झाला. माझे मालक पत्रूभाऊ तेव्हा तरुण होते आणि बल्लारपूरला स्वतःचं हॉटेल काढण्याच्या तयारीत होते. बाजारात तयार कढया होत्या, पण त्यांना त्या पसंत पडल्या नाहीत. लोहारासमोर बसून त्यांनी मला घडवून घेतलं. बूड जाड हवं, असा त्यांचा हट्ट होता. पातळ कढईत थंड तुकडे सोडले की तेल एकदम निवतं. जाड बुडाची कढई आपल्या पोटातली ऊब सोडत नाही. लोहाराने कंटाळून हातोडा खाली ठेवला, तेव्हा पत्रूभाऊंनी त्याला चहा पाजला आणि पुन्हा घाव घालायला लावले. ते घाव माझ्या अंगावर अजून दिसतात. मला त्यांची लाज वाटत नाही.

नवी कढई लगेच कामाची नसते, मित्रांनो. पत्रूभाऊंनी मला कोंड्याने घासलं, माझ्यात पेज उकळली, मग तेल लावून तापवलं, पुसलं, परत तेल लावलं. असं करता करता माझं करडं लोखंड काळं आणि गुळगुळीत झालं. मग एका सकाळी त्यांच्या बायकोने, गुणाबाईंनी, मला हळदकुंकू लावलं आणि मी चुलीवर चढले.

हॉटेलच्या फळ्यावर ‘क्रिस्पी चिकन’ असं लिहिलेलं होतं. गिऱ्हाईकं मात्र ‘कुरकुरवालं’ मागायची. कागद कारखान्याची पाळी सुटली की कामगार यायचे, गाडी बदलणारे प्रवासी यायचे, आणि रविवारी तर घरंच्या घरं यायची. लहान मुलं टेबलावर हनुवटी टेकून माझ्याकडे बघत बसायची. पत्रूभाऊंची तऱ्हा ठरलेली होती. तुकडे ताकात मुरवायचे. मैद्यात तांदळाचं पीठ घालायचं. ते पीठ घरच्या धानाचं असायचं आणि गुणाबाई स्वतः दळून आणायच्या. कोरड्या पिठावर ताकाचे शिंतोडे मारून बोटांनी चोळायचं, म्हणजे त्यात बारीक गोळ्या होतात आणि तळल्यावर त्याच खवल्यांसारख्या फुलतात. पीठ लावलेले तुकडे थोडा वेळ तसेच राहू द्यायचे, मगच तेलात सोडायचे. एकदा मंद आचेवर तळून काढायचे, निवू द्यायचे आणि पुन्हा कडक तेलात सोडायचे. मसाल्याचा अंदाज मात्र त्यांच्या नाकाला आणि जिभेलाच ठाऊक होता.

त्यांची लेक दिव्यानी शाळा सुटली की थेट हॉटेलात यायची. परातीत तळाशी जो चुरा जमायचा, तो पत्रूभाऊ तिला कागदाच्या पुडीत बांधून द्यायचे. ती तो एकेक कण करून खायची. ते दिवस आठवले की अजूनही माझी छाती फुगते. मी किती पंगती जेवू घातल्या ते मोजलं नाही, पण माझ्यासमोरून कुणी तोंड वाकडं करून उठलं नाही.

मग एका पावसाळ्यात पत्रूभाऊंना ताप आला. ताप उतरला, अंगात बळही आलं, पण वास आणि चव काही परत आली नाही. त्यांनी ही गोष्ट कुणाला सांगितली नाही. अंदाजाने मसाला कालवत राहिले. जुनी गिऱ्हाईकं होती, मायेची होती. त्यांनी काहीच न बोलता पाण्याच्या घोटाबरोबर खाल्लं. शेवटी कारखान्यातले लटारूभाऊ, जे पहिल्या दिवसापासूनचे गिऱ्हाईक होते, आत चुलीपाशी आले आणि हळूच म्हणाले, “पत्रूभाऊ, रागावू नोको. मीठ लई होऊन राह्यलं. आजचं नाई, लई दिवसांचं.”

पत्रूभाऊंनी माझ्याखालची आच कमी केली. मिठाचा त्यांना एवढा त्रास झाला नाही. इतके दिवस सगळे गुपचूप खात होते, आपली कीव करत होते, हे त्यांना लागलं. दुसऱ्या दिवशी हॉटेल उघडलं नाही आणि पुन्हा कधीच उघडलं नाही.

ते आणि गुणाबाई चामोर्शीजवळच्या आपल्या गावी राहायला आले. मोठी भांडी वाटून टाकली गेली. मला कुणी घेतलं नाही, कारण मी जड होते. परसात भिंतीच्या कडेला मला ठेवलं आणि माझ्यात पाणी भरलं. मित्रांनो, काय सांगू. ज्या कढईने आयुष्यभर कोंबडी तळली, तिच्यात कोंबड्या येऊन चोची बुडवू लागल्या. एक तांबडी कोंबडी तर माझ्या काठावर बसून मान वाकडी करून माझ्याकडे बघायची. माझ्या अंगावर गंज चढला. कानांच्या खिळ्यांपाशी लाल पापुद्रे सुटले. मला फार अपमान वाटत होता.

आणि घरात पत्रूभाऊंचं अन्न तुटत चाललं होतं. दोन घास खायचे आणि ताट सरकवायचे. डॉक्टर म्हणाले होते की शरीरात खोट नाही, पोटात अन्न गेलं पाहिजे. गुणाबाई रोज काहीतरी नवं रांधायच्या. ते म्हणायचे, “भात अन् माती एकच लागते मले. कायले मेहनत करून राह्यली?” सदरा त्यांच्या अंगावर लोंबू लागला. चालताना ते भिंतीला हात लावू लागले.

दिवाळीच्या सुट्टीत दिव्यानी घरी आली. ती आता कुरखेड्याला शाळेत शिकवत होती. बापाला अंगणात उन्हात बसलेलं पाहून ती दारातच थबकली. संध्याकाळी ती आईला म्हणाली की आपण बाबांचं कुरकुरवालं चिकन घरी करू. गुणाबाईंनी तिला समजावलं की त्यांच्यासमोर त्याचं नावही काढू नकोस. पण ती ऐकणारी नव्हती.

आधी तिने आपल्यासोबत आणलेल्या नव्या, न चिकटणाऱ्या तव्यात तळलं. मी परसातून ऐकत होते. तेलाचा आवाज असा येत होता जसं कुणी नाक ओढत आहे. तुकडे पिवळे, मऊ आणि तेलकट निघाले. दुसऱ्या दिवशी तिने मोबाइलवर दोनचार तऱ्हा पाहिल्या आणि पुन्हा केलं. पीठ तेलातच सुटून वेगळं झालं. तिने बाबांना विचारलं, पण आपल्याला काही आठवत नाही, एवढंच ते म्हणाले आणि तोंड फिरवलं. मग तिचं लक्ष माझ्याकडे गेलं.

ती परसात आली, माझ्यातलं पाणी कोंबड्यांसाठी एका फुटक्या घमेल्यात ओतायला गेली, ते गळून गेलं, आणि तिला हसू आलं. मग तिने त्यांना जर्मनचं, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचं, जुनं पातेलं दिलं. तिने मला उचललं, ते पत्रूभाऊंनी पाहिलं.

“राहू दे ते,” ते म्हणाले. “ते आता कोंबड्यायची हाय.”

“कोंबड्यायले काऊन देल्ली, बाबा? ते तुमची हाय.”

दिव्यानीने मला विटेच्या तुकड्याने घासलं, चिंचेने घासलं, राखेने घासलं. तिचे हात लाल झाले. गंज सुटत गेला तसतसं मला श्वास घेतल्यासारखं वाटलं. मग तेल लावून तिने मला चुलीवर चढवलं, आणि कितीतरी काळाने माझ्या अंगातून धूर निघाला. गुणाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी पदराने डोळे पुसले आणि धुराला दोष दिला. मग त्या पूर्वीसारखं ताक शिंपडून पीठ चोळायला बसल्या.

पण नुसती कढई असून भागत नाही, मित्रांनो. पहिल्या घाण्याला दिव्यानीने आच फार मोठी केली. तुकडे बाहेरून काळे आणि हाडाजवळ कच्चे राहिले. ती चुलीपुढे डोकं धरून बसली. उद्या तिला परत जायचं होतं. थोडे तुकडे उरले होते. तिने आच कमी केली, तेल जरा निवू दिलं आणि ते सोडले. मी माझं काम मन लावून करत होते. आधी मोठा चरचराट उठला, मग तो जरा बसला. तुकड्यांवर सोनेरी रंग आला. दिव्यानीने झारा हातात घेतला.

तेव्हा अंगणातून आवाज आला.

“काढू नोको. अजून पाणी बोलून राह्यलं.”

दिव्यानीचा हात तसाच राहिला. पत्रूभाऊ बाजेवर बसले होते, त्यांची पाठ आमच्याकडे होती. त्यांनी मान वळवलेली नव्हती. ते ऐकत होते. मित्रांनो, तो माझा आवाज होता. इतकी वर्षं ज्याच्यापुढे मी चरचरले, त्याने मला पाठमोरं बसूनही ओळखलं.

“म्हणजे काय, बाबा?” तिने विचारलं.

ते उठले. भिंतीला हात न लावता चुलीपाशी आले आणि तिच्या शेजारी उकिडवे बसले. कच्च्या मांसातलं पाणी तेलात कसं मोठ्याने बोलतं, शिजत आलं की त्याचा आवाज कसा बारीक होत जातो, हे त्यांनी तिला सांगितलं. सांगता सांगता ते थांबले, कान दिला आणि म्हणाले, “आता.” तिने तुकडे काढले. निवेपर्यंत दोघांनी वाट पाहिली. मग त्यांनी स्वतः लाकडं पुढे सारली, तेल कडक होऊ दिलं, झारा तिच्या हातातून घेतला आणि तुकडे पुन्हा सोडले. या वेळी माझा आवाज कोरडा, खणखणीत निघाला. मला माझाच अभिमान वाटला.

ताटात तुकडे आले. खवले अगदी तसेच फुललेले होते. गुणाबाईंनी एक चाखला आणि म्हणाल्या की मीठ बरोबर आहे, तिखट जरा कमी आहे. दिव्यानीने बापापुढे ताट धरलं. त्यांनी नाही म्हणून मान हलवली. मला काय कळणार, असं ते पुटपुटले. ती ताट धरूनच राहिली. शेवटी त्यांनी एक तुकडा उचलला आणि दात रोवले.

कर्रकन आवाज झाला. चुलीवर मलासुद्धा ऐकू आला.

ते चावायचे थांबले. मग पुन्हा चावले, सावकाश, एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने. दिव्यानी त्यांच्या तोंडाकडे पाहत होती.

“चव नाई लागत,” ते म्हणाले. जरा वेळाने म्हणाले, “पण कुरकुर लागते, माय. दातायले समजते. कानाले समजते.”

त्यांनी तो तुकडा हाडापर्यंत संपवला. मग दुसरा उचलला. गुणाबाई भात वाढायला आत गेल्या, कारण त्या दिवशी पत्रूभाऊंनी स्वतःहून भात मागितला होता.

आता ते जेवतात. सगळंच नाही, पण जे दाताला समजतं ते आवडीने खातात: भाजलेला पापड, तळलेले मासे, चुलीवर कडक केलेली भाकर. सदरा अजून सैल आहे, पण लोंबत नाही. आणि मळणी आटोपली तेव्हा, शेतात राबलेल्या सगळ्यांना त्यांनी जेवायला बोलावलं आणि मला अंगणात मांडलं. बाया-माणसं माझ्याभोवती बसली. एका बाईने विचारलं, पत्रूभाऊ, वास येत नाही म्हणता, मग तुम्हाला झालेलं कसं कळतं?

पत्रूभाऊ झारा तेलात फिरवत होते. त्यांनी वर न पाहता सांगितलं, “मीठ गुणाबाईले विचारा. शिजलं का नाई, ते मले विचारा.”

मित्रांनो, माझी तुमच्याकडे एकच विनंती आहे. लोखंडाचं भांडं ओलं ठेवू नका. वापरून झालं की धुवा, कोरडं पुसा, तेलाचा हात फिरवा. आणि तुमच्या घरातल्या कुणाचे डोळे, कान किंवा जीभ थकली, तर त्याला मायेनेसुद्धा बाजूला बसवू नका. त्याच्याजवळ जे उरलं आहे, ते मागा. मागितल्याशिवाय तो देणार नाही.

आता मला थांबायला हवं. चूल पेटली आहे, पीठ चोळून झालं आहे, अंगणात जेवायला येणाऱ्यांच्या चपलांचे आवाज येऊ लागले आहेत. पत्रूभाऊंनी तेलाचा डबा उघडला आहे आणि माझ्या काठावर बोटं वाजवून ते म्हणत आहेत, “चाल वो बाई, लोक येऊन राह्यले.”