ताटातले डोळे

साकीनाक्याच्या गल्लीतल्या आपल्या कारखान्यात मालन शिरली आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. लुसीबाय तिच्याकडे बघत होती.

भाचीच्या साखरपुड्याला कुर्ल्याला गेली तेव्हा तिनं ही मूर्ती आंधळी ठेवली होती. साडीचोळीसारखा लाल-हिरवा झगा रंगवून झाला होता, पण तोंडावरचे डोळे कोरे आणि हातातल्या ताटातले डोळेही कोरे. आता चारही रंगवून मोकळे.

तिचा नवरा धोंडू कोकणातून आला, त्यानं गणपतीचा कारखाना घातला, आणि तो गेल्यावर मालननं तो चालवला. गणपती उरकले की गावठाणातल्या ख्रिस्ती लोकांच्या मूर्ती. त्यांचे संत तिनं हातातल्या वस्तूवरून पाठ केले होते. चाव्या दिसल्या की पीटर, अंगात बाण घुसले की सेबॅस्टियन, पायाशी कुत्रा असला की रॉक. गणपतीचा पाश-अंकुश काय आणि ह्या चाव्या काय, आयुध चुकलं की देव चुकला. लुसीबायचे डोळे दुष्टांनी उपटले, देवानं तिला नवे दिले, म्हणून जुने ताटात आणि नवे तोंडावर. पण मूर्ती कुणाचीही असो, डोळ्यांची आखणी मालनची. धोंडूसुद्धा त्या कामाला कुंचला लावत नसे.

"कुणी हात लावला?" तिनं विचारलं. विचारायची गरज नव्हती. कारखान्यात तिचा पोरगा सुयोग एकटाच होता.

सुयोग म्हणाला, गावठाणातल्या हिल्डा आंटीचा फोन आला, आजच मूर्ती न्यायची म्हणते, फादर उद्या आशीर्वाद द्यायला येणार आहेत. मालननं त्याचा, त्याच्या फोनचा आणि फोन शोधून काढणाऱ्याचा उद्धार केला. आई मेली का तुझी, असं विचारलं.  मग सुयोग रंगाची वाटी खाली ठेवून बोलला.

"आई, गेल्या वर्षी तू काढलेले डोळे तिरळे यायचे. तू घरी गेलीस की मी बसून नीट करायचो. सगळ्या मूर्तींचे. तुला कळलंपण नाही."

मालननं थिनरमध्ये कापसाचा बोळा बुडवला आणि लुसीबायचे चारही डोळे पुसून टाकले. 

हिल्डा टेंपो घेऊन आली ती नेमकी तेव्हाच. मूर्तीचं तोंड बघून तिनं छातीवर क्रूस काढला. "मालनबाय, ही काय भुतीण केलीस? गावठाणातली पोरं घाबरून मरतील ना."

मालन म्हणाली, आमच्यात मूर्तीचा धनी दारात आल्यावरच डोळे उघडतात, गुमान त्या स्टुलावर बस. हिल्डा बसली.

ताटातले डोळे सुपारीएवढे, साच्यातच उठावदार आलेले. मालननं डाव्या हाताच्या नखानं कड चाचपत चाचपत काळी रेघ ओढली, बुबुळ भरलं, वर पांढरा ठिपका ठेवला. झकास आले. हिल्डानं मान डोलावली. मालनच्या जिवात जीव आला, आणि कारट्याला चांगलं खडसवायचं तिनं ठरवलं.

मग ती तोंडाकडे वळली. तिथली पापणी चिंचोक्याएवढी. कुंचला जवळ नेला तर एका पापणीच्या दोन झाल्या. चष्मा पुसला. तरी दोन. डोळे मिचकावले तर तिसरीही दिसायला लागली. नखानं चाचपलं तर कड हातालाच लागेना.

हिल्डा बघत होती. सुयोग भिंतीला टेकून उभा होता. मी करू का, असंही विचारत नव्हता. त्याच्या त्या समजूतदारपणाचा मालनला सगळ्यात जास्त संताप आला. उद्धट असता तर दोन ठेवून दिल्या असत्या.

कुंचला हवेत तसाच राहिला. टोकावरचा काळा थेंब झग्यावर पडायच्या आत तिनं हात मागे घेतला.

"बघतोस काय मेल्या?" ती ओरडली. "ताटातले माझे होते, ते झाले. तोंडावरचे तुझे. धर हा कुंचला."

सुयोगनं तो घेतला आणि पाटावर बसला.

"आणि ऐक," मालन त्याच्या डोक्यावर उभी राहून म्हणाली, "मघाशी होते तस्सेच हवेत. केसभर जरी फरक पडला तर शिरा पडो तुझ्या तोंडार."