मालुबाईची तीनचाकी गदग्यावर जाते

मी एक जुनी तीनचाकी आहे. निपाणीत एका पत्र्याच्या शेडमध्ये भिंतीला टेकून उभी असते. सध्या माझ्या खुर्चीवर एक मांजर झोपते, आणि खरं सांगायचं तर तिचं वजन मला बरं वाटतं. रिकामं राहण्यापेक्षा ते परवडलं.

मित्रांनो, माझं कुळ विचारू नका. माझी मागची चाकं सायकलची, पुढचं चाक आणि यंत्र एका मोडक्या मोपेडचं, आणि खुर्ची कुठल्याशा न्हाव्याच्या दुकानातली. बेळगावात अनगोळला आण्णाप्पा नावाचे मिस्त्री होते. ही सगळी सोयरीक त्यांनी जुळवली. पायाने करायचं एकही काम त्यांनी माझ्यात ठेवलं नाही. सुरू करायचा दांडा, वेग, ब्रेक, सगळं हाताशी आणलं. कारण मी ज्यांच्यासाठी जन्मले त्या मालुबाईंचे पाय चालत नव्हते.

मालुबाई पूर्वी तंबाखूच्या वखारीत कामाला जायच्या. एके दिवशी पोत्यांची थप्पी पाठीवर कोसळली आणि कमरेखालचं सगळं अंग गेलं. तेव्हापासून त्या घरी बसून विड्या वळायच्या. कुठे जायचं म्हटलं की कुणीतरी उचलून न्यायचं, कुणीतरी उचलून आणायचं. त्यांचे मालक शामू ट्रकवर ड्रायव्हर होते. बोलायला कमी, पण बायकोचा जीव ओळखणारे. त्यांनीच आण्णाप्पांना गाठून मला करून घेतलं.

पहिल्या दिवशी मालुबाई माझ्यावर बसल्या तेव्हा त्यांनी शामूंना बाजूला व्हायला सांगितलं. मी फटफट करत गल्लीच्या टोकापर्यंत गेले. तिथे जाऊन त्या उगाचच थांबल्या, समोरच्या दुकानात डोकावल्या आणि काही न घेता परत आल्या. घरी येऊन शामूंना म्हणाल्या, "कुणाला न इचारता गेलतो बघा." त्यांचे डोळे भरले होते. मला त्या वेळी फार गर्व झाला, आणि तो मी लपवला नाही. दिवसभर जरा जास्तच आवाज करत होते.

पुढची काही वर्षं माझ्या आयुष्यातली सोन्याची. विड्या कारखान्यात पोचवणं, आठवड्याचा बाजार, शेजारणीच्या बाळंतपणाला जाणं, सगळं आम्ही दोघी करायचो. मालुबाई रोज सकाळी मला ओल्या फडक्याने पुसायच्या. गल्लीतली माणसं मला फटफटीबाई म्हणायची. मी वरवर रागवायचे.

मग मालुबाईंच्या माहेरची लक्ष्मीची यात्रा आली. त्यांचं माहेर खानापूरकडचं. आमच्या भागात ही यात्रा दरवर्षी होत नाही. त्या गावात ती बारा वर्षांनी यायची. देवीला खांद्यावर घेऊन नाचवत, धाववत, भंडारा उधळत आणतात, त्याला होन्नाट म्हणतात. मग देवी ज्या मांडवात बसते ती जागा म्हणजे गदगा. तिथे गावच्या सगळ्या लेकी ओटीची ताटं घेऊन वाजतगाजत एकत्र जातात. लेक कुठेही दिलेली असो, त्या दिवशी ती येतेच. मालुबाईंना एवढंच हवं होतं, की आपल्या मैत्रिणींच्या रांगेत, आपलं आपण जाऊन देवीची ओटी भरायची.

पण गावाचा एक नियम होता. देवीच्या रथाशिवाय दुसरं चाक गदग्यावर यायचं नाही.

शामूंनी मला ट्रकमध्ये चढवून गावी नेलं. पंच देवळापुढे बसले होते. पंचांचे म्होरके होते मारुतीराव, म्हणजे मालुबाईंचे सख्खे थोरले भाऊ. त्यांची अवस्था इकडे आड तिकडे विहीर अशी झाली होती.

"मालू, मी तुला पाठीवर घिऊन जातो की," ते म्हणाले. "त्यात काय कमीपणा हाय?"

"अण्णा, मी काय लेकरू न्हाय उचलून घ्यायला," मालुबाई म्हणाल्या. "सगळ्या आपल्या पायानं जाणार. ही गाडी म्हंजे माझं पाय हाईत. पाय काय कुणी येशीवर ठिऊन येतं?"

तेवढ्यात मागून सोनुबाई नावाची म्हातारी पुढे आली. तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"पोरी, तुझं समदं खरं," ती म्हणाली. "पर गेल्या यात्रंत बैलं बुजली आन् माझा नातू गाडीच्या चाकाखाली गेला. तवा हा नेम झाला. तुझ्या गाडीत तर आग हाय, मशीन हाय. गर्दीत कुणाचं लेकरू खाली आलं तर तू काय करशील?"

मालुबाईंनी मान खाली घातली. माझा सायलेन्सर तापतो. माझं वजन कुणाच्या पायावर पडलं तर पाय मोडेल. म्हातारी खोटं बोलत नव्हती.

शेवटी पंचांनी मधला मार्ग काढला. गाडी येऊ दे, पण यंत्र बंद. पेट्रोल काढून ठेवायचं आणि मैत्रिणींनी ढकलत न्यायचं. सगळ्यांना ते बरं वाटलं. सुलाबाई नावाची त्यांची बालपणीची मैत्रीण म्हणाली, "मी मागं धरतो. तू नुसतं ताट सांभाळ गं." मालुबाई हसल्या. त्यांनी हिरवं लुगडं नेसलं, हातभर चुडा भरला. माझ्या हँडलला झेंडूची माळ बांधली. यंत्र बंद असलं की मी म्हणजे नुसतं लोखंड.

आम्ही मांडवाच्या कडेला पोचलो तेव्हा होन्नाट समोरून येत होतं. देवी दिसली की लोकांना भान राहत नाही. जो तो पुढे घुसतो, कारण देवीला ज्या दांड्यावर वाहून आणतात त्याला हात लागला पाहिजे. आणि देवी खेळायला लागली की ती कधी पुढे धावेल, कधी मागे फिरेल याचा नेम नसतो. तिला अडवायचं नाही, ही तिथली रीत. देवी एकदम आमच्या बाजूला वळली. पुढची माणसं मागे हटली, मागची पुढे रेटत राहिली. भंडाऱ्याने सगळं पिवळं झालं. सुलाबाईंचा हात माझ्या पाठीवरून सुटला. त्या "मालू, मालू" म्हणत गर्दीबरोबर लांब गेल्या.

मालुबाईंनी सवयीने माझा सुरू करायचा दांडा ओढला. एकदा, आणि पुन्हा. मी काय करणार? माझ्या पोटात पेट्रोलचा थेंब नव्हता. मी एका बाजूला कलंडले. त्यांचा उजवा हात माझ्या लोखंडाखाली सापडला आणि वरून माणसं गेली. कुणी मुद्दाम तुडवलं नाही. खाली कुणी आहे हेच कुणाला दिसलं नाही.

यंत्र चालू असतं तर मालुबाई सुटल्या असत्या, की त्यांच्यापायी चार लेकरं चिरडली असती? हा प्रश्न मी स्वतःला फार वेळा विचारला आहे. मला उत्तर सापडलेलं नाही. एवढं मात्र कळलं की त्या दिवशी मला येऊ द्यायचं की नाही यावर सगळे बोलले. मी येणार तर गर्दी कुठून जाईल, हे कुणीच बोललं नाही.

गावात म्हणायला लागले, चाक आलं म्हणून देवी कोपली. मारुतीरावांनी ते ऐकून घेतलं. बहिणीला दवाखान्यात नेताना ते ट्रकमध्ये माझ्याशेजारी बसले होते आणि आपल्याच गुडघ्यावर मूठ मारत होते.

मालुबाईंच्या त्या हाताची बोटं पुन्हा वळली नाहीत. विडी वळायला बोटं लागतात, आणि माझा वेग वाढवायची मूठही उजव्याच हाताला होती. आधी काम गेलं, मग मी गेले. शामूंनी मूठ डावीकडे घ्यायचं ठरवलं, पण तोवर आण्णाप्पा मिस्त्री वारले होते आणि दुसऱ्या कुणाला माझं अंतरंग उलगडेना. मालुबाई खाटेवरच राहू लागल्या. तरी कधीमधी शामूंना सांगून त्या माझी खुर्ची पुसून घ्यायच्या. "तिचा काय दोष हाय?" म्हणायच्या. हे शब्द मी जपून ठेवले आहेत. सारखं पडून राहिल्याने त्यांच्या पाठीला जखम झाली, ती चिघळली, आणि एका उन्हाळ्यात त्या गेल्या. मी शेडमध्ये होते. मला कुणी सांगितलं नाही. घरातलं रडणं ऐकून कळलं.

पुन्हा यात्रा आली तेव्हा मारुतीराव निपाणीला आले. केस पांढरे झाले होते. शेडचं दार उघडून त्यांनी मला यात्रेला न्यायची गोष्ट काढली. शामूंनी विचारलं, "आता हिला न्हिऊन काय करणार?"

"पंचात सोनुबाईच म्हणाली," मारुतीराव म्हणाले. "आधी वाट आखा, मग मांडव घाला. ज्याला चालाय येत न्हाय त्याच्यासाठी येगळी वाट. आखलीया आम्ही. मालूचा मान ऱ्हायलाय."

त्यांनी मला गावी नेलं. गदग्याच्या एका अंगाला बांबू रोवून, दोर बांधून रुंद वाट केली होती. त्या वाटेवर गर्दी नव्हती. पाठीला पोक आलेला एक म्हातारा काठी टेकत गेला. दोन आंधळी भावंडं दोराला धरून गेली. त्यांच्यामागून मारुतीराव मला ढकलत निघाले. माझ्या खुर्चीवर मालुबाईंच्या नावाचं ओटीचं ताट होतं. खण, नारळ, तांदूळ आणि हिरव्या बांगड्या. सोनुबाई आपल्या जागेवरून उठली आणि माझ्या हँडलला तिने हात लावला. मी पुढे जाईपर्यंत तिने तो काढला नाही. सुलाबाईंनी ते ताट उचलून देवीपुढे ठेवलं.

वाट इतकी मोकळी होती की मालुबाई यंत्र चालू करून, फटफट करत, एकट्या गेल्या असत्या. कुणाच्या पायाला धक्का लागला नसता. त्या वाटेला लागले काय, थोडे बांबू आणि थोडी दोरी. दोन्ही गावात तेव्हाही होतं.

मित्रांनो, माझं फारसं काही राहिलेलं नाही. चाकांना गंज आला आहे, आणि मला कुणी पुसावं असाही माझा हट्ट नाही. पण तुमच्या गावात यात्रा असेल, उरूस असेल, शाळेचं संमेलन असेल, तर मांडव घालण्याआधी एकदा विचारा, कोण चालत येऊ शकणार नाही. आणि ते माणूस जिवंत असेपर्यंत विचारा. मला वाट मिळाली तेव्हा माझी खुर्ची रिकामी होती.